सातवीच्या पालकांनी लक्ष द्यावे

बाई शिक्षिका झाल्या तेव्हा त्यांच्या वयाच्या बायका मुख्याध्यापिका व्हायच्या बेतात होत्या. त्यांच्याबरोबर शाळेत लागलेल्या दोन तरुण मुली त्यांना ताई म्हणायच्या आणि स्टाफरूममधली पंख्याखालची खुर्ची त्यांच्यासाठी रिकामी ठेवायच्या. बाईंना हे मनातून खटकायचं, पण खुर्ची त्या घ्यायच्या.

त्याआधीची बरीच वर्षं बाईंनी बसस्थानकात काढली होती, तीही कुणाच्या नजरेला न पडता. चौकशीच्या खिडकीमागे एक काचेची केबिन होती. तिच्यात एक माइक, एक टेबल आणि वेळापत्रकाचा भलामोठा तक्ता. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं पोरगं चुकून चौकशीपाशी येऊन रडत बसलंय, हे सगळं लोकांना बाईंच्या तोंडून कळायचं. चेहरा कुणी पाहिला नव्हता. आवाज मात्र पोरासोरांपासून म्हाताऱ्याकोताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या कानात बसलेला.

तिथले नियंत्रक साहेब मोठे खडूस, पण काम शिकवायचे जीव लावून. बाई नव्या असताना अगदी शुद्ध, लांबलचक घोषणा करायच्या. प्रवाशांना विनंती, प्रवाशांच्या सोयीसाठी, प्रवाशांनी नोंद घ्यावी. साहेबांनी एकदा केबिनचं दार उघडून सांगितलं, "बाई, लोक घोषणा ऐकत नसतात. लोक आपली गाडी ऐकत असतात. कुठे जाणार ते आधी बोला, बाकीचं मागून." बाईंना तेव्हा राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तसं करून पाहिलं आणि काचेतून दिसलं, की गावाचं नाव घेतल्याबरोबर बाकावरची माणसं पिशव्या उचलून उभी राहतायत.

मग यंत्र आलं. ध्वनिमुद्रित आवाजाचं. त्याला ना सर्दी व्हायची ना रजा लागायची. बाईंना पासांवर शिक्के मारायच्या टेबलाशी बसवलं, आणि तिथे त्यांचा जीव रमेना. केबिनमध्ये दोन गाड्यांच्या मधल्या वेळात पुस्तकं वाचून त्यांनी बाहेरून इतिहासाची पदवी घेतली होती. तिचं काय करायचं हे ठाऊक नव्हतं. ते त्यांच्या नवऱ्याला ठाऊक होतं. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि दिवसभर लोकांना 'हे दिसतंय का, आता हे दिसतंय का' असं विचारून विचारून घरीही त्यांची तीच सवय झाली होती. ते म्हणाले, "तू शिकवायला जा. घरी मला शिकवतेस त्यातलं अर्धं जरी मुलांना शिकवलंस तरी त्यांचं भलं होईल आणि माझंही."

अशा रीतीनं बाई सहावी ते आठवीला इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवू लागल्या. हजेरी घेताना प्रत्येकाचं नाव दोनदा घ्यायची त्यांची खोड पहिल्याच आठवड्यात पोरांनी पकडली आणि त्यांचं नाव घोषणाबाई पडलं. ते त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी घरी येऊन ते नवऱ्याला सांगितलं, हसत हसतच. मनाला लागलं असतं तर त्या हसल्या नसत्या.

वर्गात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नदी शिकवायची तर बाकं भिंतीला लावून त्या फरशीवर खडूनं नदी काढायच्या आणि मुलांना तिच्या काठानं गावं म्हणून उभं करायच्या. वरच्या गावानं पाणी अडवलं की खालच्या गावानं आरडाओरडा करायचा. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर भिंतीवर टकटक करायचे. बाई दारातून डोकं बाहेर काढून सांगायच्या, "सर, धरणाचा प्रश्न आहे, मिटतच आलाय."

एवढं सगळं वर्गात घडायचं आणि घरांपर्यंत त्यातलं काहीच पोचायचं नाही. आज शाळेत काय झालं, असं घरी विचारलं की मुलं म्हणतात 'काही नाही'. जगभरची मुलं हेच म्हणत असावीत. त्या वर्षी मुख्याध्यापकांनी ठरवलं, की प्रत्येक विषयाच्या शिक्षकानं दर महिन्याला पालकांना माहिती द्यायची. बाकीच्यांनी चार ओळी लिहून फोनवरच्या ग्रुपवर टाकल्या आणि हात झटकले. बाईंनी चार पानांचं माहितीपत्रक लिहिलं. त्यात घटक होते, उपघटक होते, अध्ययन निष्पत्ती होती, मूल्यमापनाची साधनं होती. शिक्षणशास्त्राच्या वर्गात ही भाषा त्या नव्यानं शिकल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना तिचा थोडा तोराही होता.

"वाचलंत का?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"पहिलं पान वाचलं."

"मग?"

"मग वाटलं, एकदा आपलेच डोळे तपासून घ्यावेत."

बाई फणकाऱ्यानं उठून गेल्या. पत्रकं मात्र दर महिन्याला जात राहिली. कुणाचं उत्तर येत नसे. क्वचित कुणीतरी अंगठा दाखवी. बाईंनी तो होकार समजून घेतला.

सातवीला नागरिकशास्त्रात 'नियम' हा धडा आला. बाईंनी मुलांना सांगितलं, घरातला एखादा नियम घ्या. तो कुणी केला, कधी केला, कशासाठी केला, आणि तो सगळ्यांना सारखा लागू आहे का, हे घरच्यांना विचारून या. काम सोपं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात गंमत आली. कुणाकडे जेवताना टीव्ही बंद, कुणाकडे आजोबांच्या खुर्चीत बसायचं नाही. बाई खूश होत्या.

त्याच्या पुढच्या दिवशी पहिली घंटा व्हायच्या आधी शाळेच्या ऑफिसात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. त्यांचं टायरचं दुकान होतं. आडवा बांधा, बोटांच्या पेरांत कायमचा बसलेला काळेपणा, आणि आवाज असा की खिडकीच्या गजांना कळावा. त्यांची मुलगी सातवीत होती, चुणचुणीत, तोंडानं फटकळ. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, माझ्या घरात कायदे कोण करतं, हे आता शाळा ठरवणार का?" टायरवाले म्हणाले.

"काय झालं ते तर सांगा."

"काय व्हायचंय. जेवणं झाली. हिची आई म्हणाली, भांडी घास. ही म्हणते, हा नियम कुणी केला? मी आणि आईनंच का घासायची, दादानं का नाही? वर म्हणते, बाईंनी विचारायला सांगितलंय. माझे वडील समोर बसलेले. मला काही बोलायला तोंड राहिलं का?"

मुख्याध्यापकांनी बाईंकडे पाहिलं. कागदावर बाईंची बाजू पक्की होती. त्या म्हणाल्या, "सर, मी हे आधीच कळवलं होतं. या महिन्याच्या पत्रकात आहे. तिसऱ्या पानावर."

टायरवाल्यांनी खिशातून फोन काढला, पत्रक शोधलं आणि तिथेच उभ्यानं वाचायला सुरुवात केली. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. तिसऱ्या पानाशी ते थांबले.

"'कुटुंबसंस्थेतील नियमनाची चिकित्सा'," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "म्हणजे हे का?"

"हो, हेच."

"बाई, हे आलं तेव्हा मला वाटलं शाळेची सरकारी तपासणी आहे. मी ते पुढे उघडलंच नाही." त्यांचा आवाज आता खाली आला होता. "तुम्ही साधं सांगितलं असतंत, की पोरगी घरी येऊन असं असं विचारील, तर मी काहीतरी उत्तर तयार ठेवलं असतं. मी काय वाईट माणूस नाही."

"नाही हो, तसं कोण म्हणतंय," बाई म्हणाल्या.

ते गेल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही कळवलंत हे खरं. त्यांना कळलं नाही हेही खरं. यातलं दुसरं मला जास्त महागात पडतं, बाई."

त्या दिवशी संध्याकाळी बाई थेट घरी न जाता नवऱ्याच्या दुकानात जाऊन बसल्या. एक म्हातारे गृहस्थ चष्म्याची काडी बसवून घेत होते. ते गेले. मग त्यांनी सगळं सांगितलं, भांड्यांपासून तपासणीपर्यंत. नवऱ्यानं मध्ये एकही चेष्टा केली नाही. मग बाईंच्या मनात आलं, की आपली कधीच्या काळी अशी एक नोकरी होती जिच्यात न कळणं चालतच नसे. कळलं नाही तर माणसाची गाडी चुकायची.

"मी लिहायचं बंद करते," त्या म्हणाल्या. "मी बोलते."

शाळेत शांत अशी एकच जागा होती, नकाशांची खोली. गुंडाळलेले नकाशे भिंतीला टेकून उभे, कोपऱ्यात एक पृथ्वीगोल आणि खिडकीची अर्धी काच पुठ्ठ्यानं बुजवलेली. शुक्रवारी मधल्या सुट्टीत बाई तिथल्या खोक्यावर बसल्या. फोनवरचं बटण दाबलं आणि त्यांची पाठ आपोआप ताठ झाली.

"कृपया लक्ष द्यावे. सातवीच्या पालकांनी लक्ष द्यावे," असं त्या बोलून गेल्या. मग स्वतःच दचकल्या, पण आता थांबायचं कसं, म्हणून पुढे निघाल्या. "या आठवड्यात वर्गात पाण्यावरून भांडण झालं. जुन्या काळी नळ नव्हते, तेव्हा गावातली एक विहीर कुणी आणि किती वापरायची, यावर वरची आळी आणि खालची आळी असे दोन गट पाडून मुलं भांडली. कुणाला लागलं नाही. शेवटी त्यांनी एक सभा भरवली आणि नियम केले. तर आज जेवताना मुलांना एवढंच विचारा: तू कुठल्या बाजूनं बोललास, आणि का? पुन्हा सांगते. तू कुठल्या बाजूनं बोललास, आणि का? ते 'काही नाही' म्हणतील. तुम्ही पुन्हा विचारा. धन्यवाद."

संदेश गेला. आपण काय हे पोरकट करून बसलो, असं वाटून त्या पुन्हा वर्गावर गेल्या आणि शाळा सुटेपर्यंत फोनला हात लावला नाही.

लावला तेव्हा ग्रुपवर रांग लागली होती. कुणी हसऱ्या तोंडाची चित्रं टाकली होती. एका आजोबांनी लिहिलं होतं, 'हा आवाज कुठेतरी ऐकला आहे.' त्याखाली कुणाच्या तरी आईनं, 'अहो, हा तर स्टँडवरचा आवाज.' आणि मग झुंबड उडाली. त्या आवाजानं कुणाला कॉलेजात पोचवलं होतं, कुणाला माहेरी. टायरवाल्यांनी तर लिहायच्या भानगडीत न पडता बोलूनच पाठवलं होतं. मागे हवा भरायच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. "बाई, मी पहिल्यांदा गाव सोडून काम शिकायला निघालो, तेव्हा तुम्हीच माझी गाडी सांगितली होती. मी रडत होतो, म्हणून मला ऐकू आलं नव्हतं. पण तुम्ही दुसऱ्यांदा सांगितलीत. आज तुमचं हे दुकानात लावलं मोठ्यानं. गिऱ्हाईकानंही ऐकलं. पोरगी म्हणते, ती वरच्या आळीच्या बाजूनं बोलली. मी म्हटलं, वरच्या आळीचं चुकलं. आता इथे भांडण चालू आहे."

बाईंनी हे दोनदा ऐकलं. मग घरी जाऊन नवऱ्याला ऐकवलं.

सगळ्यांनाच आवडलं असं नाही. एका वडिलांनी कळवलं, की गंमत पुरे, परीक्षेत काय येणार ते सांगा. बाईंनी पुढच्या शुक्रवारी तेही सांगितलं, अगदी शेवटी, फलाटाच्या क्रमांकासारखं स्पष्ट. गणिताचे सर म्हणाले, "तुमच्यामुळे आमची पंचाईत झाली. आता माझ्या घरचेही विचारतात, तुमच्या अपूर्णांकांचं काय चाललंय." पण ते भिंतीवर टकटक करायचे थांबले. कधीकधी दारात उभे राहून धरणाचं काय झालं तेही पाहून जायचे.

हळूहळू बाईंना कळू लागलं, की कोणत्या घरात निरोप कसा ऐकला जातो. एकीकडे स्वयंपाक करताना, एकीकडे दुकानात, एकीकडे आजी फोन कानाला लावून एकटीच ऐकते आणि मग सगळ्यांना आपल्या पद्धतीनं सांगते, थोडं वाढवून. उत्तरं यायची. न येणारीही घरं होतीच. त्यातलं एक घर बाईंच्या मनात सलत राहिलं.

खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी बसायची. अक्षर मोत्यासारखं, वह्या नीटनेटक्या, पण तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प. फरशीवरच्या नदीत उभं केलं तर ती नेहमी काठावरचं शेवटचं गाव व्हायची आणि पाणी आलं काय, न आलं काय, तक्रार करायची नाही. तिला न्यायला एक बाई यायच्या, लाँड्रीत काम करणाऱ्या. कपड्यांना कायम इस्त्रीच्या वाफेचा वास. बाई त्यांना तिची आईच समजत होत्या. ग्रुपवर त्यांचा नंबर होता, पण त्यांनी कधी काही विचारलं नाही, की सांगितलं नाही.

हिवाळ्याच्या सुमारास बाईंनी मोठं काम काढलं. 'आमच्या घरातलं काम, तेव्हा आणि आता.' मुलांनी घरच्यांची मुलाखत घ्यायची. आजीच्या वेळी कामं कशी होती, आता कशी आहेत, काय गेलं, काय आलं. शुक्रवारच्या निरोपात बाई म्हणाल्या, "मुलं आईसमोर वही घेऊन बसतील. आईनं त्यांना अर्धा तास द्यावा. नुसतं 'खूप कष्ट होते' म्हणून सोडून देऊ नका. काय करत होतात, ते सांगा."

मुलं कामाला लागली. टायरवाल्यांची मुलगी तर दोन वह्या भरून घेऊन आली. खिडकीजवळची मुलगी मात्र रिकाम्या हातानं आली. बाईंनी विचारलं तर म्हणाली, "राहिलं." दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच. बाईंनी मनात धरलं, की घरी कुणाला वेळ नसेल. थोडा रागही धरला, त्या लाँड्रीतल्या बाईंवर.

त्याच आठवड्यात बाईंना एका अनोळखी, परदेशातल्या नंबरावरून व्हॉइस मेसेज आला. चुकून आला असेल म्हणून त्या तो पुसणारच होत्या. मग शाळेच्या जिन्यात उभ्या राहून त्यांनी तो लावला.

"नमस्कार बाई. मी तुमच्या वर्गातल्या एका मुलीची आई," पलीकडची बाई म्हणाली, आणि तिनं खिडकीजवळच्या मुलीचं नाव सांगितलं. आवाज दबका होता, शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपलेलं असावं तसा. "मी इकडे कामाला आहे, एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करते, त्यांच्याच घरी राहून. मुलगी माझ्या बहिणीकडे असते. तुमचे निरोप बहीण मला पाठवते, दर शुक्रवारी. मी ते जपून ठेवलेत. विहिरीचा ठेवलाय, नदीचा ठेवलाय. मला तिला फोनवर काय विचारावं ते सुचायचं नाही हो. जेवलीस का, अभ्यास केलास का, एवढंच. आता मी विचारते, तू कुठल्या बाजूनं बोललीस. ती सांगते. थोडं थोडं सांगते." इथे ती थांबली. "तर एक विनंती होती. तुम्ही म्हणालात, आईसमोर वही घेऊन बसा. तिनं मला विचारलंच नाही. मीच विषय काढला, तर म्हणाली, समोर बसायला सांगितलंय, फोनवर चालत नाही. तिला सांगाल का, फोनवरही चालतं म्हणून? माझ्याकडे सांगण्यासारखं आहे."

बाई जिन्यातच खाली बसल्या. वरून आठवीची पोरं धाडधाड उतरत आली आणि त्यांना वळसा घालून गेली. एकानं विचारलं, "बाई, बरं नाही का?" बाईंनी मान हलवून त्याला पुढे पाठवलं.

त्यांनी तिथूनच उत्तर बोलून पाठवलं. "ताई, चालतं," त्या म्हणाल्या. "माझ्याच बोलण्यात चूक झाली. मी आज सांगते."

मुलीला एकटीला बोलावून सांगायचं, की सगळ्यांना? बाईंनी विचार केला. एकटीला बोलावलं तर तिच्याकडे सगळ्यांच्या माना वळणार, आणि तेच तिला नको असणार. त्यांनी शुक्रवारची वाट पाहिली नाही. त्याच दुपारी नकाशांच्या खोलीत जाऊन बसल्या.

"सातवीच्या घरांसाठी दुरुस्ती," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, आईसमोर बसून मुलाखत घ्या. ते चुकीचं होतं. मुलाखत आईची घ्या, मावशीची घ्या, काकांची घ्या, शेजारच्या आजींची घ्या. घरात घ्या, दुकानात घ्या, फोनवर घ्या. माणूस कितीही लांब असला तरी चालेल. लांब असेल तर मला जास्त आवडेल, कारण भूगोलही त्यातच होईल. ज्यांची राहिली आहे त्यांना अजून एक आठवडा आहे. पुन्हा सांगते, फोनवर चालेल."

आठवडा संपायच्या आत खिडकीजवळच्या मुलीनं वही आणून टेबलावर ठेवली. काही न बोलता जागेवर जाऊन बसली. बाईंनी वही उघडली आणि मधल्या सुट्टीत पूर्ण वाचून काढली. मग तिच्या बाकाशी जाऊन हळूच विचारलं, "वर्गात वाचशील का? नाही म्हणालीस तरी चालेल."

मुलगी वहीच्या कोपऱ्याशी खेळत राहिली. "माझा आवाज मोठा नाही," ती म्हणाली.

"तो माझ्याकडे आहे. वर्गाला गप्प मी करते. तू वाच."

तिनं वाचलं. पहिल्या ओळी कुणाला ऐकू गेल्या नाहीत, म्हणून मागची मुलं आपोआप पुढे येऊन बसली. तिची आजी, म्हणजे आईची आई, स्वतःच्या सासूला भरवायची, आंघोळ घालायची, रात्री उठून तिची कूस बदलून द्यायची. त्याला कुणी काम म्हणत नसे. आजीला कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर ती म्हणायची, काही नाही, घरीच असते. आई आता अगदी तेच करते, भरवते, आंघोळ घालते, कूस बदलते. त्यासाठी तिनं शिक्षण घेतलंय, तिला त्याचा पगार मिळतो आणि रविवारी सुट्टी असते. इकडे दुपारची सुट्टी होते तेव्हा तिकडे उजाडत असतं, म्हणून आई दिवसातला पहिला फोन त्या वेळी मावशीला करते. हे सांगताना मुलगी उठली, बाईंनी नकाशांच्या खोलीतून आणून ठेवलेल्या पृथ्वीगोलाशी गेली आणि बोटानं दोन्ही ठिकाणं दाखवली. मधली रेखावृत्तं तिनं न अडखळता मोजली. शेवटची ओळ होती, 'मी आईला विचारले, आजीच्या आणि तुझ्या कामात काय फरक आहे? आई म्हणाली, काम एकच आहे, पण मला संध्याकाळी कुणीतरी थँक यू म्हणतं.'

मग टायरवाल्यांच्या मुलीनं हात वर केला. "म्हणजे आपण भांडी घासतो, ते पण काम," ती म्हणाली. "आमच्याकडे आता दादा पण घासतो. एक दिवस तो, एक दिवस मी. बाबा म्हणाले, नियमात दुरुस्ती झाली. पण त्याला थँक यू म्हणतात आणि मला नाही म्हणत."

यावर अशी काही चर्चा पेटली की घंटा झालेली कुणाला कळली नाही. गणिताचे सर पुस्तक घेऊन दारात उभे राहिले ते उभेच राहिले.

पुढे वसंतात बाईंचा घसा बसला. इतकी वर्षं त्यानं कधी दगा दिला नव्हता, आता मात्र पार फाटला. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून बजावलं. शुक्रवार आला. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'आजचा निरोप कोण देणार?' डझनभर हात वर झाले. टायरवाल्यांच्या मुलीचे तर दोन्ही. पण खिडकीजवळचा हातही अर्धा, कोपरातून वर आला होता. त्याला धड हात म्हणावं की नाही, हा प्रश्नच होता. बाईंनी तो हात मानला.

नकाशांच्या खोलीत मुलगी खोक्यावर बसली आणि बाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, कुणी आत येऊ नये म्हणून. मुलीनं कागदावर सगळं लिहून आणलं होतं. निरोपात तिचा श्वास बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येत होता. मध्येच ती म्हणाली, "थांबा, पान उलटते," आणि पान उलटल्याचा आवाजही त्यात आला. संपल्यावर तिनं बाईंकडे पाहिलं. "पुन्हा करू का? पानाचं चुकलं."

बाईंनी मान हलवून नाही म्हटलं आणि निरोप आहे तसा पाठवून दिला.

घराघरांतून उत्तरं आली. लाँड्रीतल्या मावशीनं पहिल्यांदाच ग्रुपवर काहीतरी लिहिलं, एकच शब्द, 'ऐकलं.' टायरवाल्यांनी विचारलं, की पान उलटायचं सांगणारी ही हुशार पोर कुणाची.

परदेशातल्या नंबरावरून आलेलं उत्तर फक्त बाईंना होतं. शाळा सुटल्यावर त्यांनी ते नकाशांच्या खोलीतच लावलं. मुलगीही तिथेच होती, दप्तराचा पट्टा खांद्यावर, मावशीची वाट पाहत. आधी थोडा वेळ नुसता भांड्यांचा आवाज आला, मग नळ बंद केल्याचा. मग आईचा आवाज आला, या वेळी दबका नव्हता. "बाई, घसा सांभाळा. तिला सांगा, आवाज नीट पोचला. आणि पुढच्या आठवड्यात काय शिकवणार ते आताच सांगून ठेवा. मी इकडून वाचून ठेवते, म्हणजे मलाही तिच्याशी भांडता येईल."

बाईंनी टेबलावरचं पुस्तक उघडलं, पुढचा धडा काढला आणि निरोपाचं बटण दाबून फोन मुलीच्या हातात दिला.

"आई," मुलगी धड्याचं नाव पाहत म्हणाली, "बंदरं आहेत. तुझ्या शहराला आहे ना एक? तिथे जाऊन ये, मग सांग."